शहाण्या बाळापासून सावध

घरात बाळ आलं की दोन गोष्टी एकदम वाढतात, लंगोट आणि तज्ज्ञ. लंगोट निदान धुऊन दोरीवर टाकता येतात. तज्ज्ञांना चहा टाकावा लागतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या विसरवाडीसारख्या गावात तर तज्ज्ञाला वाट वाकडी करण्याचंही कारण नाही, कारण सुरत-धुळे महामार्गच गावाला लागून जातो. नवापूरकडून येणारी मावशी एक सल्ला देते, कोंडाईबारीचा घाट उतरून येणारे काका त्याच्या बरोबर उलटा देतात आणि व्यारा-सुरतेकडे कामाला गेलेला आतेभाऊ व्हिडिओ कॉलवर बाळाची जीभ बघून तिसराच देतो. या टापूत मावची बोलतात, गावित बोलतात, कोकणी, अहिराणी आणि गुजरातीही बोलतात. पण बाळ रडलं की पाचही भाषांमध्ये निदान एकच निघतं: पोटात दुखत असेल, काहीतरी उगाळून द्या. राष्ट्रीय एकात्मतेचा याहून ठोस पुरावा सापडणं कठीण आहे. या सगळ्या मंडळींच्या प्रेमाबद्दल शंका नाही. शंका आहे ती त्यांच्या घाबरण्याच्या पद्धतीबद्दल. माझं म्हणणं एवढंच आहे की नवजात बाळाच्या बाबतीत आपण चुकीच्या वेळी घाबरतो आणि त्याहून चुकीच्या वेळी निर्धास्त होतो. बाळ आवाज करतं तेव्हा सगळं घर उभं राहतं. बाळ गप्प पडलं की घर म्हणतं, ‘किती शहाणं आहे हो!’ हा हिशेब मुळातच उलटा मांडलेला आहे.

आधी आवाजाची बाजू पाहू. बाळ शिंकतं, म्हणजे त्याला सर्दी झालेली नसते. इवलंसं नाक साफ करण्याची त्याच्याकडे तेवढीच एक सोय असते. उचकी लागते, ती आपोआप थांबते. झोपेत चार भराभर श्वास, मग पाच-सात सेकंद विश्रांती, मग पुन्हा श्वास, असा त्याचा ताल असतो. त्या पाच-सात सेकंदांत बाप मात्र पाच-सात वर्षांनी म्हातारा होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगावर लाल पुरळ येतं आणि औषधाची वाट न बघता जातं. कमरेपाशी निळसर डाग दिसतो, तेव्हा ‘दवाखान्यात पाडलं वाटतं’ अशी कुजबुज सुरू होते. प्रत्यक्षात आपल्याकडच्या कितीतरी बाळांना तो जन्मतःच असतो आणि पुढे विरतो. पहिल्या आठवड्यात वजन सात ते दहा टक्के उतरतं, म्हणजे तीन किलोचं बाळ पावणेतीन किलोवर येतं. घरात ‘नजर लागली’ हे ठरतं, आणि दहा ते चौदा दिवसांत तेच वजन भरून निघालं की श्रेय मिरच्यांना जातं. मुलीच्या लंगोटाला चौथ्या-पाचव्या दिवशी रक्ताचा थेंब लागतो, मुलगा असो वा मुलगी, छाती थोडी सुजते. हा आईच्या शरीरातल्या संप्रेरकांचा उतारा असतो, त्याला हात लावायचा नसतो. (हात लावणाऱ्या, म्हणजे छाती पिळून ‘दूध काढणाऱ्या’ मंडळींमुळे तिथे गळू होतं, आणि मग खरंच दवाखाना गाठावा लागतो.) लघवीच्या आधी बाळ रडतं आणि झाली की थांबतं. शीचं तर विचारूच नका. ज्या घरात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीवरून दोन भाऊ सहा महिने बोलत नव्हते, ते त्याच घरात एकाच लंगोटावर वाकून रंग पिवळा की हिरवट यावर एकमत करताना दिसतात. अंगावर पिणारं बाळ दिवसातून दहा वेळा शी करेल किंवा चार दिवसांतून एकदा. पीत असेल, वजन वाढत असेल, तर दोन्ही ठीक.

आता गप्प बाजू. नवजात बाळाला ताप चढतो तसा त्याचं अंग गार पडण्याचाही धोका असतो, आणि गार पडलेलं बाळ आरडाओरडा करत नाही. जंतुसंसर्ग रक्तात पसरला की ते मोठ्या माणसासारखं कण्हत-कुथत नाही; ते फक्त दूध ओढायचं थांबतं, ढिलं पडतं, उचलल्यावर हातपाय लोंबतात. कावीळ तर पूर्ण दिवसांच्या निम्म्याहून अधिक बाळांना होते, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी वाढते आणि बहुतेकांची आपोआप उतरते. पण तीच कावीळ जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत दिसली किंवा तळहात-तळपायांपर्यंत पोहोचली, तर एक दिवसही थांबायचं नसतं. आणि अशी कावीळ वाढत जाते तसं बाळ जास्त झोपतं, कमी पितं, रात्री कुणाला उठवत नाही. शेजारीण म्हणते, ‘नशीबवान आहात, आमच्या पोरानं तर सहा महिने डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता.’ ज्या बाळाला त्या क्षणी दवाखान्याची गरज असते, त्यालाच घराकडून चांगल्या वागणुकीचं प्रमाणपत्र मिळतं. त्यात आपल्याकडे बाळाला हळद-तेल लावायची हौस आणि खोलीत पिवळा दिवा. हळद माखलेल्या बाळाची कावीळ पिवळ्या उजेडात ओळखणं, हे काम साक्षात धन्वंतरीलाही जमलं नसतं.

हे माझं घरगुती तत्त्वज्ञान नाही. याचा पुरावा महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, मोजून काढलेला आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं तिथल्या ३९ गावांमध्ये गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं आणि शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले: नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं होतं. त्या बायकांनी केलं काय? बाळ किती रडतं हे त्या मोजत बसल्या नाहीत. त्यांनी श्वास मोजले, वजन केलं, अंगाची ऊब पाहिली, बाळ पितं का ते पाहिलं आणि गरज पडली तिथे औषध दिलं. ज्या सुइणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी एक गंमतीदार साधन केलेलं होतं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मण्यांची तार. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. पहिले पाच मणी हिरवे, सहावा लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, म्हणजे मिनिटाला साठ श्वास झाले, म्हणजे बाळाला न्यूमोनियाचा धोका. एवढंच. त्या तारेला रडणं ऐकू येत नाही, शिंक समजत नाही, पाहुण्यांच्या अनुभवाशी तिला देणंघेणं नाही. घरातल्या सर्व ज्येष्ठ मंडळींपेक्षा तिचं निदान अचूक येतं, याचं कारण ती मध्ये बोलत नाही.

या प्रयोगाच्या वाटेनं २०११ पासून देशभर आशाताई घरी येऊ लागल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, आणि घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. आपल्याकडे पाचव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते असं मानतात; तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणीही ठेवतात. शासनानं आशाताईच्या दोन फेऱ्या बरोबर सटवाईच्या अलीकडे-पलीकडे ठेवल्या आहेत. फरक एवढाच की सटवाई एकदा लिहून निघून जाते, आणि आशाताईला दर फेरीला फॉर्म भरावा लागतो. तिची तपासणी जरा जवळून बघण्यासारखी असते. ती हात धुते, नंतर फडक्याला पुसत नाही. उलट्या हातानं आधी बाळाचं पोट चाचपते, मग तळपाय. पोट गरम पण पाय गार, तर बाळाला थंडी लागतेय, आईच्या अंगाशी घ्या. दोन्ही गार, तर गंभीर. मग थर्मामीटर काखेत. मग झोळीचा काटा. मग दुपटं वर करून ती बाळाच्या पोटाकडे बघत बसते, नजर घड्याळावर. पूर्ण एक मिनिट. या एका मिनिटात घरातले सगळे बोलतात. ‘काय व्हयनं वं ताई?’ असं कुणीतरी विसाव्या श्वासाला विचारतं, आणि ताई पुन्हा एकपासून सुरुवात करते. योजना सुरू झाली तेव्हा या सहा फेऱ्यांचे, बाळ आणि आई बेचाळीस दिवस सुखरूप राहिल्यावर, तिला मिळून अडीचशे रुपये ठरले होते. म्हणजे एका फेरीला जेमतेम बेचाळीस रुपये. व्हिडिओ कॉलवर जीभ बघणारा आतेभाऊ फुकट असतो हे खरं, पण बाजारभावाचा नियम त्यालाही लागू होतोच.

इथे पहिला आक्षेप घेतला जातो, आणि तो घ्यायलाच हवा: आजीनं आठ पोरं वाढवली ती काय मणी सरकवून? आजीचा अनुभव मोठा आहे, पण अनुभवाची एक खोड आहे. त्याला वाढलेली पोरं आठवतात. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती, म्हणजे आठातलं एक. २०२० साली तो आकडा २८ वर आला, महाराष्ट्रात १६ वर. गेलेल्या बाळाबद्दल आजी बोलत नाही, आणि आपणही तिला विचारू नये; पण ‘आमच्या वेळी काही होत नव्हतं’ या वाक्यात ते बाळ मोजायचं राहून गेलेलं असतं. असं असूनही आजीला निकालात काढणं हा उतावळेपणा होईल. कोवळ्या उन्हात बाळ धरायची तिची सवय घ्या. १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात वॉर्ड नावाच्या परिचारिकेला असंच दिसलं होतं की उन्हात फिरवून आणलेल्या बाळांचा पिवळेपणा उघड्या जागी कमी होतो. डॉक्टरांनी ते मनावर घेतलं, मोजमाप केलं आणि आजच्या निळ्या दिव्यांचा उपचार जन्माला आला. तीच गोष्ट उबेची. कमी वजनाचं बाळ आईच्या छातीला उघडं चिकटवून ठेवायची पद्धत १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी सुरू केली, तेव्हा बाळाला ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. आपल्या पाड्यांवर बाळ आईच्या अंगाला बांधलेलं असतं, त्याला कुणी पद्धत म्हणत नाही एवढंच. आजी निम्मी बरोबर असते. कुठली निम्मी, हे मोजल्याशिवाय तिलाही कळत नाही आणि आपल्यालाही. बाळ पिवळं दिसतंय तर उन्हात धरणं ठीक. पण तळवे पिवळे झाल्यावरही आठ दिवस उन्हावर भागवणं म्हणजे परिचारिकेचं निरीक्षण घेऊन डॉक्टरांचं मोजमाप टाकून देणं.

दुसरा आक्षेप मनाला जास्त भिडणारा आहे. बाळ रडत असताना नुसतं बघत बसायचं? माणसाला हातपाय दिले आहेत ते काहीतरी करण्यासाठीच ना? मान्य. म्हणून मी उपायांचे दोन गट करतो. पहिल्या गटात टाळूवर ठेवायचा ओला दोरा येतो. उचकी लागली की तो ठेवतात, उचकी थांबते, कारण ती थांबणारच असते. दोऱ्याला मान मिळतो आणि बाळाला त्रास नाही. इतका स्वस्त आणि निरुपद्रवी उपाय आधुनिक वैद्यकालाही फारसा साधलेला नाही. दृष्ट काढणंही याच गटात, मात्र मिरच्या बाळापासून दूर, अंगणात जाळाव्यात. ठसका लागला नाही म्हणजे दृष्ट कडक होती असा जो सिद्धांत आहे, तो बाळाच्या नाकावर तपासू नये. दुसऱ्या गटात मात्र गमतीला जागा नाही. सहाणेवर वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, जायफळ यांचे वळसे मोजून दिलेली गुटी. पहिल्या दिवशी चाटवलेला मध, ज्यात बॉट्युलिझमचे बीजाणू असू शकतात आणि वर्षाच्या आतल्या बाळाला ते झेपत नाहीत. नाका-कानात सोडलेलं तेल, जे फुप्फुसात उतरू शकतं. काजळ, ज्यात शिसं असू शकतं. नाळेवर लावलेली राख किंवा हळद. शेगडीवर ओवा टाकून केलेली धुरी. पहिल्या दिवशी बाळाचं पोट चमचाभर चिकाच्या दुधानं भरतं. तेवढ्या जागेत वेखंड आणि जायफळ शिरलं की चीक बाहेर राहतो. राहता राहिलं पाणी. नंदुरबारच्या मे महिन्यात ‘एवढ्या उन्हात पोराला घोटभर पाणी नको?’ हा प्रश्न कुणालाही निर्दय ठरवू शकतो. पण आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. पाणी पाजायचं ते आईला, आणि भरपूर.

तिसरा आक्षेप चतुर लोक घेतात: डॉक्टर स्वतःच बाटली लिहून देतात की! देतात, आणि त्यात सगळा दोष त्यांचा नाही. ‘बाळ उत्तम आहे, घरी जा, अंगावर पाजा’ एवढं सांगणाऱ्या डॉक्टरची गावात काय किंमत राहते ते सगळ्यांना ठाऊक आहे. भाडं खर्चून आलेल्या माणसाला हातात काहीतरी हवं असतं. जगभरच्या बापांना ते हवं होतं, म्हणून तर १८५१ साली नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डनं ग्राइप वॉटर काढलं आणि ते दीड शतकाहून जास्त काळ चाललं. जुन्या कृतीत मद्यार्कही होता, त्यामुळे बाळ शांत व्हायचं यात नवल नाही. त्या मात्रेवर बापही शांत झाला असता. इथे पुन्हा तीच गफलत आहे. बाळ गप्प झालं, म्हणजे बरं झालं, असं आपण धरून चालतो. साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत बाळाचं रडणं वाढत जातं आणि नंतर तीन-चार महिन्यांत ओसरतं. ओसरण्याच्या सुमारास जी बाटली चालू असते, तिचं नाव सगळ्या नातेवाइकांत होतं.

मग बाळ झोपलेलं बरं की जागं, असा तिरका प्रश्न राहतो. नवजात बाळ दिवसातले सोळा-सतरा तास झोपतं. प्रत्येक झोपेला घाबरलो तर आईबापांना जिल्हा रुग्णालयात कायमची खाट घ्यावी लागेल. म्हणूनच गप्प असणं एवढंच बघायचं नाही. गप्प बाळाला चार प्रश्न विचारायचे. दर दोन-तीन तासांनी उठून जोरात ओढतंय का? दिवसाला सहा-सात वेळा लघवी करतंय का? शांत असताना श्वास मिनिटाला साठच्या खाली आहेत का, छाती आत ओढली जात नाही ना? पोट आणि पाय दोन्ही उबदार आहेत का, आणि गुदगुल्या केल्यावर पाय झटकतंय का? चारही उत्तरं ‘हो’ असतील तर बाळानं खुशाल शिंकावं. एकही ‘नाही’ असेल, किंवा झटका आला, ताप आला, तळवे पिवळे दिसले, तर शेजारणीचं मत घेण्यात वेळ घालवू नये. विसरवाडीला ग्रामीण रुग्णालय आहे, पुढे नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांचा विशेष कक्ष आहे. आजारी नवजात बाळाचा सरकारी दवाखान्यातला उपचार आणि तिथवरची गाडी २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानं मोफत केली आहे. ‘काचेच्या पेटीत ठेवतील’ या भीतीनं लोक मागे फिरतात. पेटीतलं बाळ निदान उबदार असतं, आणि तिथे पाहुण्यांना आत सोडत नाहीत.

हे चार प्रश्न आशाताईच्या फॉर्ममध्ये असून भागत नाही, ते आईबापांच्या डोक्यात हवेत. याचं कारण या जिल्ह्याचं कॅलेंडर आहे. दिवाळी झाली की इथली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. ऊस आणि बाळंतपण एकमेकांना विचारून तारखा ठरवत नाहीत. तिसऱ्या दिवशी आशाताई घरी येते, आणि एकविसाव्या दिवशी बाळ दुसऱ्या राज्यातल्या फडावर असतं. तिथे सटवाईही पत्ता शोधत येईल की नाही सांगता येत नाही. अशा वेळी सोबत न्यायला सहाण जड, बाटली फुटणारी, आणि ‘पोट गरम, पाय गरम, पितंय, श्वास साठच्या आत’ एवढं वाक्य मात्र बिनवजनाचं. गडचिरोलीच्या बायकांना जे जमलं ते फडावरच्या आईला आणि बापाला जमणार नाही, असं मानायला एकही पुरावा नाही.

तेव्हा यापुढे बाळ बघायला जाणाऱ्यांनी शिष्टाचार थोडा बदलावा. हात धुऊन आत जावं, मुका घेऊ नये, ‘बारीक दिसतंय’ म्हणू नये आणि ‘शहाणं आहे’ तर मुळीच म्हणू नये. विचारायचंच असेल तर ‘कधी प्यायलं?’ एवढंच विचारावं. बाळ ओरडत असेल तर आनंद मानावा, त्याच्या फुप्फुसांची तपासणी फुकटात चालू आहे. आणि सल्ला दिल्याशिवाय चहा पचत नसेल, तर तो बाळाच्या आईला न देता बापाला द्यावा: लंगोट कसे धुवावेत, कुठे वाळत घालावेत, रात्री दोन वाजता कोणी उठावं. त्या सल्ल्यावर अजून कुठल्याही शास्त्रानं आक्षेप घेतलेला नाही. घेतलाच तर तो बापच घेईल.